पाटाचे पाणी आणि गावचा पैसा



पाटबंधाऱ्यांवर बोलावयास उभा राहिलेला माणूस बहुधा धरणाची उंची आणि कालव्याची लांबी सांगून सुरुवात करतो. आज मला विचारावयाचा प्रश्न थोडा निराळा आहे. कालव्याचे पाणी एखाद्या रानात शिरले, त्यावर ऊस उभा राहिला, उसाचा गूळ किंवा साखर झाली आणि तिचे रुपये झाले. ते रुपये पुढे कोठे गेले? गावातच फिरले, तालुक्याच्या पेठेत थांबले, की मुंबईच्या पेढीवर जाऊन जमा झाले? पाण्याचा हिशेब पाटबंधारे खाते ठेवीत असते. या दुसऱ्या हिशेबाची वही मात्र कोणी एकाने ठेवलेली नाही. ती निरनिराळ्या ठिकाणांहून जुळवावी लागते. दक्षिण महाराष्ट्र, कोकण, विदर्भ बाजूस ठेवून मी नीरा आणि प्रवरा या दोन नद्यांच्या कालव्यांपुरतेच बोलणार आहे, कारण सव्वाशे-दीडशे वर्षांची ही कथा तेथे सलग दिसते.

कथेचा आरंभ पाण्यापासून होत नाही, कर्जापासून होतो. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोख्यांची होळी केली. इतिहासात यास दख्खनचे दंगे म्हणतात. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, हा योगायोग आपल्यासारख्या श्रोत्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. शहरात ज्ञानसत्राचा आरंभ होत होता आणि तेथून चाळीस-पन्नास मैलांवर शेतकरी कागद जाळीत होता. दंग्यांची चौकशी पुरती संपली नाही तोच १८७६-७७ चा दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे किती गेली याची वर्णने आपण वाचलेली आहेत. ती येथे पुन्हा सांगत नाही. सरकारच्या मनाने मात्र घेतले की या कोरड्या पट्ट्याला दुष्काळापासून संरक्षण दिले पाहिजे. मुठेवर खडकवासल्याचे धरण तेव्हा बांधून होतच आले होते. आता भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आणि वीर येथून निघून बारामती-इंदापूरकडे जाणारा नीरेचा डावा कालवा यांचे काम हाती घेतले गेले. १८८५ च्या सुमारास कालव्यात पाणी खेळू लागले आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत धरणही पुरे झाले.

यापुढे जे घडले ते आजच्या माणसास खरे वाटणार नाही. पाणी आले, पण ते घेणारा शेतकरी पुढे येईना.

आज एका पाळीसाठी भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. तेव्हा अंमलदार पाणी घ्या म्हणून सांगत होते आणि शेतकरी मान हलवीत होता. इंग्रज अधिकाऱ्यांनी याचे कारण शेतकऱ्याचा आळस आणि अज्ञान असे लिहून ठेवले. मला हे कारण पटत नाही. नीरेकाठची काळी जमीन ओल धरून ठेवते. पाऊस बरा झाला तर तिच्यात ज्वारी पाटाच्या पाण्यावाचून येते. आणि अशा वर्षी पाणी घेतले तर पाणीपट्टीचा बोजा तेवढा वाढतो. पाऊस गेला तर सगळेच एकदम पाणी मागतात, आणि मग ते वेळेवर पोचेल याची शाश्वती नसते. ज्वारी-बाजरीच्या पिकातून पाणीपट्टी देऊन हाती काही उरावे असे तिचे भावही नव्हते. पट्टी निघेल असे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. पण उसाला दहाबारा दिवसांनी पाणी, गाड्या भरभरून खत, वर्ष-सव्वा वर्ष वाट पाहण्याची ताकद आणि शेवटी गुऱ्हाळ लागते. म्हणजे भांडवल लागते. ज्याने आठ-दहा वर्षांपूर्वी कर्जरोखे जाळले त्याच्यापाशी हे भांडवल कोठून असणार? सावकाराकडे जावे तर दंग्यांनंतर झालेल्या १८७९ च्या कायद्याने सावकारही हात आखडून बसला होता. शेतकऱ्याचा नकार हा चांगला हिशेबी नकार होता.

महात्मा फुले यांनी ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. मुठेचा कालवा आला तेव्हा त्यांनी मांजरीस जमीन घेऊन पाटाच्या पाण्यावर बागायत करून दाखविली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि त्याच जोतीरावांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पाटबंधारे खात्यावर कोरडेही ओढले. पट्टी घ्यावयाची आणि पाणी मिळेल की नाही याची जबाबदारी घ्यावयाची नाही, या व्यवहारावर त्यांचा रोष होता. डोंगरातून उतरणारे पाणी जागोजागी ताली-बंधारे घालून रानातच मुरवावे, ही त्यांची सूचना तर आजही ताजी वाटते. एकाच माणसाने पाणी वापरून दाखवावे आणि पाणी देणाऱ्यास जाबही विचारावा, हे त्या काळी दुर्मिळ होते.

तेव्हा प्रश्न असा होता की पाणी आहे, जमीन आहे, पण भांडवल आणि हातोटी नाही. ती कोठून आली? ती आली सासवडहून.

सासवड हे पुरंदर तालुक्यातले कऱ्हेकाठचे गाव. तेथील माळी समाज विहिरीवर मोट चालवून पिढ्यान् पिढ्या ऊस आणि भाजीपाला करीत आलेला. पाणी मोजून वापरणे, खताला पैसा घालणे, गूळ कोणत्या पेठेत कोणत्या महिन्यात न्यावा हे जाणणे, ही त्यांची विद्या. जमीन मात्र थोडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ही माणसे कुटुंबेच्या कुटुंबे नीरेच्या कालव्यावर उतरली. तेथील मराठा शेतकऱ्यांकडून त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, बांधबंदिस्ती केली आणि ऊस लावला. पुढे गोदावरीचे कालवे निघाले तेव्हा ती कोपरगावकडे सरकली. भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. सुमारे २७० फूट उंचीचे हे धरण तेव्हा देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. त्याच्या पाण्यावर प्रवरेचे कालवे वाहू लागताच माळी बागायतदार बेलापूर भागातही पोचले. कालव्याची नकाशावरची रेघ जिकडे वळली तिकडे त्यांची बिऱ्हाडे वळली. सरकारने दगड-चुन्यावर खर्च केला खरा, परंतु त्या खर्चाला फळ आणले ते या लोकांच्या कसबाने, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जमिनीचा मालक सुरुवातीस खंड घेऊन बांधावर बसून पाही. पाहता पाहता तोही शिकला. मुदत संपली की त्याने जमीन परत घ्यावी आणि स्वतः ऊस लावावा, असे हळूहळू होऊ लागले. शेतकीखात्याच्या पुस्तिकांनी जे साधले नाही ते शेजारच्या वावरातल्या उसाने साधले.

आता या गुळाच्या व्यवहारात पैसा किती हातांतून फिरे ते पाहू. गुऱ्हाळ म्हणजे त्या काळचा गावातला कारखानाच. ऊस तोडणारे वेगळे, मोळ्या वाहणारे वेगळे. चरकाभोवती बैल हाकणारा, चुलवाणात चिपाड सारणारा, काहिलीतली मळी काढणारा. आणि या सर्वांच्या वर गुळव्या. रस केव्हा उतरवावा हे त्याच्या नजरेवर. चार पळे उशीर झाला की गुळाचा रंग गेला, आणि रंग गेला की पेठेत भाव गेला. म्हणून बागायतदार गुळव्याची मर्जी सांभाळी. लाकडी चरक मागे पडून लोखंडी चरक आले. किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलविला आणि तेथून लोखंडी नांगर, चरक असली अवजारे बाहेर पडू लागली, त्यांना गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः बागायती मुलखात. चरक आला म्हणजे तो दुरुस्त करणारा लोहार आला. पेंड आली म्हणजे पेंडीचा व्यापारी आला. पुण्याजवळच्या मुठेच्या कालव्यावर तर शहराच्या सोनखताला मोल आले. नगरपालिकेला जे टाकून द्यावयाचे ते उसाला हवे होते.

मात्र सगळ्याच हातांना काम मिळाले असे नाही. पाटाचे पाणी उताराने येते. त्याला मोट लागत नाही. मोटेचे कातडे शिवणारा आणि नाडा-सोल वळणारा, या दोघांच्या बलुत्याला पाटाने धक्का दिला. बलुतेदारी मोडली ती रेल्वेने आणि गिरणीच्या कापडाने, असे आपण सरसकट म्हणतो. कालव्याखालच्या गावांत ती पाण्यानेही मोडली.

आणि गूळ पेठेत गेल्यावर? तेथे अडत्या बसलेला होता. लावणीच्या वेळी पेंडीसाठी उचल तोच देई, म्हणून गूळ त्याच्याच दुकानी घालणे भाग पडे. तोलाई, हमाली, धर्मादाय, कडता वजा जाता बागायतदाराच्या हाती पट्टी येई. या पेठा मात्र वाढल्या. दौंड-बारामती रेल्वे १९१४ मध्ये सुरू झाली आणि बारामती ही गुळाची मोठी बाजारपेठ झाली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालचा. त्यावरचे बेलापूर रोड हे स्टेशन कालवा येईपर्यंत माळावरचे एक साधे स्टेशन होते; प्रवरेच्या पाण्यानंतर त्याच्याभोवती वखारी, अडतदुकाने, गिरण्या उभ्या राहून जे नवे शहर झाले त्यास आज आपण श्रीरामपूर म्हणतो. जुने बेलापूर गाव नदीकाठी राहिले आणि तालुक्याचा मान स्टेशनाकडे गेला. तालुक्याचे शहर कसे जन्मते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने श्रीरामपूर पाहावे. त्याला किल्ला नाही, संस्थान नाही. पाणी आणि रूळ जेथे एकमेकांना भेटले तेथे ते उभे राहिले.

या भरभराटीत दोन दुखणी होती. पहिले पाण्याच्या वाटणीचे. एका गावात सगळा ऊस आणि पुढच्या गावात काहीच नाही, असे होऊ लागले, तेव्हा पुण्यास कार्यकारी अभियंता असलेले विश्वेश्वरय्या यांनी १९०० नंतर नीरेवर ब्लॉक पद्धत घालून दिली. गावोगाव ठरावीक क्षेत्राचे गट पाडावयाचे, गटाला काही वर्षांची पाण्याची हमी द्यावयाची आणि गटात उसाबरोबर इतर पिके फिरवावयाची, म्हणजे पाणी जास्त गावांत पसरेल, ही कल्पना. कल्पना उत्तम होती. शेतकऱ्यास प्रथमच पाण्याचा भरवसा मिळाला, आणि भरवसा मिळाला म्हणून त्याला कर्जही मिळू लागले. परंतु पाणीपट्टी वसूल व्हावयाची तर ऊस हवा, हे खात्याचे गणित काही बदलले नाही. दुष्काळासाठी काढलेला कालवा उसाचा कालवा झाला तो असा, आणि त्याचे सगळे खापर शेतकऱ्याच्या माथी फोडणे बरोबर नाही.

वाटणीचा विषय निघाला म्हणून सांगतो, खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर फडपद्धती शेकडो वर्षे चालत आलेली होती. तेथे शिवाराचे फड पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणी फिरविणारा माणूस गावाने नेमावयाचा. कोणाचे रान कोणत्या फडात, यावर पाण्याचा हक्क ठरे. भांडण झालेच तर ते गावातच मिटे. नीरेवर मात्र पाण्याचा मालक सरकार आणि शेतकरी अर्जदार, हे नाते पहिल्या दिवसापासून पडले.

दुसरे दुखणे जमिनीचे. काळ्या जमिनीत पाणी फार झाले की खालचे क्षार वर येतात, रानावर पांढरी साय धरते आणि जमीन चोपण होते. नीरेच्या खोऱ्यात वीस-पंचवीस वर्षांच्या आतच हे दिसू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारास नीरेच्या या खारवट जमिनींचा अभ्यास केला. १९१६ साली सरकारने पुण्यास खास पाटबंधारे विभाग काढला, तो मुख्यतः या पाणथळ जमिनींच्या प्रश्नासाठी. खडकवासल्याची केंद्रीय जलसंशोधन संस्था त्यातूनच पुढे वाढली. चर खणून निचरा करण्याचे शास्त्र तेथे तयार झाले. उपाय असा सापडला, पण चर खणण्याचा खर्च कोणी करावयाचा हा वाद तेव्हाही होता आणि आजही मिटलेला नाही.

मग १९२९ नंतरची जागतिक मंदी आली. गुळाचे भाव कोसळले. पेंडीची उचल फिटेना. इतक्यात १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली आणि हिंदुस्थानात साखर काढणे एकाएकी फायद्याचे झाले. प्रवरेवर हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा कारखाना त्याच्या आधीच, पहिल्या महायुद्धानंतर उभा राहिला होता. आता नीरेवर वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर झाले, फलटण संस्थानात साखरवाडी झाली, श्रीरामपूरजवळ डहाणूकरांचे टिळकनगर झाले. हे कारखाने दुसऱ्याच्या उसावर विसंबून राहणारे नव्हते. हरेगावला सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन कंपनीच्या स्वाधीन केल्या. इतरत्र कंपन्यांनी शेतकऱ्यांकडूनच हजारो एकर जमीन दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतली. कर्जाने वाकलेल्या माणसास खंडाचे रोख रुपये त्या घटकेस बरे वाटले. पण त्याचा परिणाम असा झाला की पाणी तेच, माती तीच, आणि तिचा धनी तिच्यावर रोजाने कामास जाऊ लागला. कंपन्यांनी रस्ते बांधले, चाळी बांधल्या, यंत्रे आणली, ऊस शास्त्रशुद्ध केला, हे सर्व कबूल केले पाहिजे. नफा मात्र मुंबईच्या भागधारकांकडे गेला. गुऱ्हाळाचा पैसा थोडा होता, पण दहा हातांतून गावात फिरत होता. कारखान्याचा पैसा मोठा होता आणि तो मजुरीपुरताच गावात थांबे.

याला पहिले उत्तर दिले तेही माळ्यांनीच. १९३२ साली सासवडच्या माळी बागायतदारांनी आपले भांडवल एकत्र केले आणि नीरेच्या उजव्या कालव्यावर अकलूजजवळ माळीनगर वसवून स्वतःचा साखर कारखाना काढला. सासवड माळी शुगर फॅक्टरी हे त्याचे नाव. कंपनीकायद्याखालची ती कंपनीच होती; परंतु भागधारक ऊस पिकविणारे होते, आणि ज्याला वीस वर्षांपूर्वी लोक गूळ करणारा कुळवाडी म्हणत तो आता साखर कारखान्याचा संचालक झाला होता. सहकारी कारखान्यांचा इतिहास सांगताना आपण माळीनगर ओलांडून एकदम प्रवरानगरला उडी मारतो, हे मला न्याय्य वाटत नाही.

प्रवरेकाठच्या लहान शेतकऱ्यापाशी मात्र माळीनगरएवढे भांडवल नव्हते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे या वर्गातले. शाळेचे शिक्षण बेताचे, पण पतपेढीच्या कामात मुरलेला हा माणूस. १९४५ साली बेलापूर येथे दख्खन कालवे बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. बागायतदारांनी सहकारी तत्त्वावर साखर कारखाना काढावा, हा विचार तेथून जोराने पुढे निघाला. गाडगीळांचे या मुलखाशी नाते केवळ भाषणाचे नव्हते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ यांची पाहणी त्यांनी केली, तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा फायदा पाणीपट्टीच्या वसुलीवर मोजावयाचा नसून मजुरी, वाहतूक, व्यापार, सरकारी उत्पन्न यांत जी भर पडते ती धरून मोजावयाचा, ही त्या पाहणीची दृष्टी. ज्याने हा हिशेब कागदावर मांडला त्यालाच लोणीच्या शेतकऱ्यांनी धरून आणले आणि म्हटले, आता हे करून दाखवा.

प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी १९४८ च्या अखेरीस झाली. भाग गोळा करण्यासाठी विखे पाटील गावोगाव फिरले. शेतकऱ्याने भागाचे पैसे द्यावयाचे म्हणजे बायकोच्या अंगावरचा डाग मोडावयाचा किंवा बैल विकावयाचा. आणि बदल्यात मिळावयाचा एक कागद! ज्या मुलखात सत्तर वर्षांपूर्वी कागद जाळले गेले तेथे कागदावर विश्वास ठेवा असे सांगावयाचे होते. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांनी सरकारचा हात पुढे केला, औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले, गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० च्या डिसेंबरअखेर माळावर पहिला गळीत हंगाम सुरू झाला. विखे पाटील उपाध्यक्ष होते की काय या मानापानात शिरण्याचे कारण नाही. पुणेरी प्राध्यापक आणि खेडेगावचा पाटील यांनी दहा वर्षे एका गाड्याला खांदा दिला, हे महत्त्वाचे. १९६१ साली पंडित नेहरू स्वतः प्रवरानगरला येऊन गेले.

या कारखान्याने नवे काय केले? दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला उसाचा दर एकच दिला. मत एकालाही एकच. उसाच्या बिलातून थोडी ठेव कापून घेतली आणि तीतून कर्ज फेडले, रस्ते केले, शाळा काढल्या; पुढे रुग्णालय आणि महाविद्यालयेही झाली. आधी मुंबईस जाणारा नफा लोणीच्या आसमंतात राहिला. मोटारगॅरेज, खतांचे दुकान, बँकेची शाखा, वसतिगृह, छापखाना, चहाची हॉटेले, ही सर्व त्या एका न गेलेल्या नफ्याची अपत्ये होत. याच नमुन्यावर पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखाने निघाले. पुढे त्यांतल्या कित्येकांत घराणेशाही शिरली, काही कर्जात बुडाले, काही विकले गेले. मत एक असले तरी ज्याच्या हाती उसाच्या तोडीचा कागद तो गावाचा धनी, हेही लोकांनी अनुभवले. परंतु १९५० पूर्वी हा पैसा कोठे जात होता हे ज्यास ठाऊक आहे तो या दोषांसाठी मूळ उद्योगालाच नावे ठेवणार नाही.

माझी खरी तक्रार दुसरी आहे. वहीच्या या पानावर ज्यांची नावे नाहीत त्यांची ती आहे.

कंपन्यांना खंडाने जमिनी देणारे शेतकरी आठवा. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ साली त्यांसाठी शेती महामंडळ स्थापन केले. मूळ धन्यास वाटले, आता आपले रान आपल्याकडे येईल. आले नाही. कंपनीच्या जागी महामंडळ आले, एवढेच. खंडकरी शेतकरी म्हणून त्यांची चळवळ दोन पिढ्या चालली. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कमाल धारणेच्या मर्यादेत जमिनी परत मिळू लागल्या. हरेगावकडच्या, सरकारने घेऊन दिलेल्या जमिनींचा वाद त्याहूनही लांबला. आजोबाने ऐन मंदीत अंगठा उठविला आणि नातवाने म्हातारपणी सातबारा पाहिला, अशी घरे या तालुक्यांत आहेत.

दुसरे, ऊस तोडणारे. गुऱ्हाळाच्या काळी तोड गावातल्याच माणसांची असे. कारखान्यास रोज शेकडो टन ऊस हवा. तेवढे हात गावात नाहीत. ते आले पाथर्डी-शेवगावकडून आणि बीड जिल्ह्यातून, म्हणजे जेथे पाट पोचला नाही तेथून. दिवाळी झाली की गाडी, बैल, कोयता, पोरेबाळे घेऊन माणूस निघतो आणि उन्हाळ्यात परततो. मुकादमाची उचल आधी घेतलेली असते; ती फिटेपर्यंत त्याचा हंगाम त्याचा नसतो. अडत्याच्या उचलीतून बागायतदार सुटला खरा. पण तीच उचल नाव बदलून पाटाच्या पलीकडे कोरडवाहूच्या दारात जाऊन बसली. बागायती गावाच्या वाढीचा हिशेब शिवेपाशी थांबविला तर तो फार चांगला दिसतो. शिवेबाहेरचे गाव त्यात धरले की बेरीज बदलते. महाराष्ट्रात लागवडीच्या जमिनीचा अगदी लहान हिस्सा उसाखाली आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा त्याला, ही आजची स्थिती त्याच बेरजेचा भाग आहे.

आणि ज्या पुरंदर तालुक्यातून माळी बाहेर पडले त्याचे काय झाले? नीरेचा कालवा त्याच्या दक्षिण अंगाने निघून गेला. बहुतेक तालुका कोरडाच राहिला. १९७२ च्या दुष्काळात तेथली माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे त्या वेळी हे पाहून नायगावास आले. देवस्थानची उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली, ताली घातल्या, पाणी मुरविले, तळे-विहीर केली आणि रान पिकवून दाखविले. जोतीरावांनी मांजरीस केले तेच, नव्वद वर्षांनंतर. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम साधे आणि म्हणूनच कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यावयाचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास अडीच एकरांपलीकडे नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा गटाने आधी स्वतः भरावयाचा. पाणी वाटणारा माणूस गटाने नेमावयाचा. आणि ऊस लावावयाचा नाही. हा शेवटचा नियम ज्या तालुक्याने केला, त्याच तालुक्याने उसाची विद्या साऱ्या दख्खनला शिकविली होती.

नियम केले तेव्हा बैठकीस बसलेल्यांपैकी पुष्कळांचे नातलग माळीनगरला आणि बारामतीकडे ऊस करीत होते. उसात पैसा किती, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. त्यांनी हिशेब केला तो असा, की गावच्या विहिरीतले पाणी एकाच्या उसाला दिले तर त्यावर किती घरांची ज्वारी बसते, आणि ती घरे मग कोयता घेऊन कोणाच्या फडात जातील.